अपग्रेडनंतर लॅपटॉप अडकतोय? आधी नेमकं काय थांबलंय ते बघा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी लॅपटॉप अचानक ‘जुने’ ठरले. नॉटिंगहॅमला लेंटन-बीस्टनच्या भाड्याच्या खोल्यांत राहणारे आपले विद्यार्थी असोत किंवा इथेच स्थिरावलेली मराठी घरं, अशा लॅपटॉपवर उबंटू नाहीतर लिनक्स मिंट टाकून घेणारे आता बरेच भेटतात. ते छान चालतंही. मग एक दिवस खिडकी उघडते: नवीन आवृत्ती आली आहे, अपग्रेड करायचं का? हो म्हणावं, तासा-दीड तासानं मशीन रीस्टार्ट व्हावं, आणि संध्याकाळी साताऱ्याला आई-बाबांशी व्हिडिओ कॉल चालू असताना चित्र थिजावं, आवाज एकाच अक्षरावर घरघरत राहावा.

इथून पुढे बहुतेकांचा प्रवास ठरलेला असतो. फोनवर शोधायचं, सापडेल ती कमांड टर्मिनलात चिकटवायची, ती लागू पडली नाही की दुसरी, मग तिसरी. शेवटी वैतागून सगळं पुसून नव्यानं इन्स्टॉल. माझं मत विचाराल तर पुसून टाकणं हा उपाय नाही, पुरावा नष्ट करणं आहे. दोष ड्रायव्हरमध्ये किंवा रॅममध्ये असेल तर नव्या इन्स्टॉलनंतरही तो आठवड्याभरात परत येतो, आणि आता तुलनेला जुनं काहीच उरलेलं नसतं. ॲलोपॅथी, होमिओपॅथी आणि आजीबाईचा बटवा एकाच दिवशी सुरू केला की गुण कशानं आला आणि पुरळ कशानं उठलं ते कुणालाच सांगता येत नाही, तसंच हे. एका वेळी एकच बदल करा, तो कागदावर लिहून ठेवा, आणि त्याआधी काय थांबलंय ते ओळखा.

खाली कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलात ती अर्थातच इंग्रजी लहान लिपीत टाइप करायची. जिथे ‘-’ आहे तिथे आडवी रेघ, आणि जागा मोकळी दिसते तिथेच मोकळी सोडायची.

स्क्रीन थिजली आहे, आता?

पॉवरचं बटण दाबून धरू नका. आधी कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे का? लागत असेल तर आतली व्यवस्था, म्हणजे कर्नल, जिवंत आहे आणि फक्त वरचा पडदा अडकलाय. दिवा ढिम्म हलत नसेल तर मामला खोल आहे. आणि दिवा आपोआप उघडझाप करत असेल तर कर्नलनं स्वतःच हात टेकलेत, ज्याला कर्नल पॅनिक म्हणतात.

दिवा चालत असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन सुद्धा लागतं. काळ्या पडद्यावर लॉगिन विचारलं गेलं की निम्मी लढाई जिंकलात. नाव-पासवर्ड देऊन आत जा आणि ‘टॉप’ टाइप करा. सगळ्यात वर कोणता प्रोग्रॅम प्रोसेसर खातोय ते तिथे दिसतं. ‘के’ दाबून, त्याचा क्रमांक देऊन तो बंद करता येतो. परत चित्रांच्या पडद्यावर यायला कंट्रोल-ऑल्ट-एफ१ किंवा एफ२, मिंटवर एफ७. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर याहून सोपी किल्ली आहे: कंट्रोल-ऑल्ट-एस्केप. डेस्कटॉप तेवढा नव्यानं सुरू होतो, उघड्या खिडक्या तशाच राहतात. अर्धी लिहिलेली असाइनमेंट वाचवणारी ही किल्ली मिंट वापरणाऱ्या प्रत्येकाला पाठ हवी.

एफ३ नंही काही होत नसेल तर शेवटचा सभ्य मार्ग असा. ऑल्ट आणि सिस-रिक्वेस्ट (बहुतेक कीबोर्डवर ते प्रिंट-स्क्रीनच्याच बटणावर असतं) धरून ठेवून सावकाश, मध्ये दोन-तीन सेकंद जाऊ देत, एस, यू, बी दाबा. एस मुळे न लिहिलेला डेटा डिस्कवर जातो, यू मुळे डिस्कवर पुढचं लिहिणं बंद होतं, बी मुळे मशीन रीस्टार्ट होतं. पुष्कळ ठिकाणी सहा अक्षरांचा लांबलचक मंत्र दिलेला असतो, पण उबंटूमध्ये मूळ सेटिंग १७६ असतं आणि त्या मंत्रातल्या या तीनच क्रियांना त्यात परवानगी आहे. हेही चालत नसेल तर मात्र पॉवर बटण, दुसरा इलाज नाही.

एक सावधगिरी. अपग्रेडनंतरचा पहिला दिवस हिशोबात धरू नका. त्या दिवशी फाइलींची शोधसूची नव्यानं बनत असते, सॉफ्टवेअरची उरलीसुरली डाउनलोडं चालू असतात, पंखा ओरडत असतो. चार्जर लावून तास-दोन तास मशीन एकटं सोडा. आणि कृपा करून ते कार्पेटवर किंवा रजईवर ठेवू नका. इथल्या घरांत जमीनभर कार्पेट, त्यात थंडीमुळे पलंगावर बसून काम करायची सवय. खालची हवेची जाळी बंद होते, प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. खापर फुटतं अपग्रेडवर.

जुन्या कर्नलची साक्ष

दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा अडकू लागलं की सगळ्यात मोलाचा प्रयोग हा: आधीच्या कर्नलवर मशीन सुरू करून बघा. अपग्रेड झालं तरी उबंटू आणि मिंट जुना कर्नल लगेच फेकून देत नाहीत. मशीन सुरू होताना, कंपनीचा लोगो दिसत असतानाच एस्केप एकदा दाबायचं. जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवायचं. मग ग्रबचा, म्हणजे कोणत्या कर्नलवर सुरू व्हायचं ते विचारणारा, मेनू येतो. घाईत एस्केप दोन-तीनदा दाबलं गेलं तर मेनूऐवजी ‘ग्रब’ असं लिहिलेली काळी ओळ येते. घाबरू नका, तिथे ‘रीबूट’ टाइप करून पुन्हा प्रयत्न करा. मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्ये गेलं की कर्नलची यादी दिसते. सगळ्यात वरचा नवा, त्याखालचा आधीचा.

उबंटू २२.०४ मुळात ५.१५ कर्नलवर आलं, पण डेस्कटॉपवर वेळोवेळी नवे कर्नल मिळत ते शेवटी ६.८ पर्यंत पोचलं. एप्रिल २०२४ मधलं २४.०४ सुरूच झालं ६.८ वर, आणि त्याच्याही डेस्कटॉपला पुढे नवे कर्नल येत राहिले. म्हणजे ‘मी तर अपग्रेड केलंच नाही, तरी अडकतंय’ असं म्हणणाराही खरं बोलत असतो: आवृत्ती तीच, आतला कर्नल बदललेला.

जुन्या कर्नलवर दोन दिवस सुरळीत गेले, तर दोष नव्या कर्नलमध्ये किंवा त्याच्यावर बांधलेल्या ड्रायव्हरमध्ये आहे हे जवळजवळ पक्कं. जुन्यावरही अडकत असेल तर कर्नलला सोडून द्या आणि डेस्कटॉप, मेमरी, डिस्क यांच्याकडे वळा. एका रीस्टार्टमध्ये निम्म्या शक्यता गळून पडतात. इंटरनेटवरून उचललेल्या वीस कमांडांना हे जमत नाही.

हाच प्रयोग दुसऱ्या टोकानंही करता येतो. नवी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन, इन्स्टॉल न करता, त्यावरूनच तासभर मशीन चालवा, व्हिडिओ लावा, कॉल करा. तिथेही अडकलं तर यंत्र आणि नवा कर्नल यांचं पटत नाही. तिथे ठणठणीत चाललं, तर गोंधळ तुमच्या डिस्कवरच्या जुन्या सेटिंगांत आहे.

मशीन स्वतः काय सांगतंय

लिनक्स आपली रोजनिशी लिहीत असतं. अडकून रीस्टार्ट झाल्यावर ‘जर्नलसीटीएल -बी -१ -ई’ ही कमांड द्या. ‘-बी -१’ म्हणजे मागच्या वेळी मशीन सुरू होतं तेव्हाची नोंद, ‘-ई’ म्हणजे थेट शेवटच्या ओळींवर. अडकण्याच्या वेळेच्या आगेमागे काय लिहिलंय ते वाचा. सगळं समजायची गरज नाही, लाल ओळ दिसली म्हणून धसका घ्यायचीही नाही; निरोगी मशीनवरही दहा-वीस लाल ओळी असतात. शेवटच्या मिनिटातली, आणि दर वेळी पुन्हा दिसणारी ओळ तेवढी शोधा.

‘जीपीयू हँग’ किंवा ‘रिंग जीएफएक्स टाइमआउट’ दिसलं तर ग्राफिक्स. एनव्हिडियाच्या कार्डावर त्याच जागी ‘एक्सआयडी’ आणि पुढे एक आकडा असतो. ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ म्हणजे रॅम पुरली नाही. ‘आय/ओ एरर’, ‘फेल्ड कमांड’ किंवा ‘एनव्हीएमई… कंट्रोलर इज डाउन’ असेल तर डिस्क, आणि मग बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी फोटो-कागदपत्रांची प्रत बाहेर काढा. ‘मशीन चेक’, ‘हार्डवेअर एरर’ अशी ओळ असेल तर सॉफ्टवेअरला दोष देणं थांबवा. आणि नोंद मध्येच तुटलेली, शेवटची ओळ अगदी साधी, असंही होतं. ते देखील उत्तरच आहे: लिहायलाही उसंत मिळाली नाही, म्हणजे कर्नल किंवा यंत्र क्षणात थांबलं.

मेमरीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण चार आणि आठ जीबीचे लॅपटॉप आपल्याकडे खूप. उबंटू २२.०४ पासून ‘सिस्टमडी-ऊमडी’ नावाचा रखवालदार आला. मेमरीवर ताण वाढला की मशीन पूर्ण अडकायच्या आत तो एखादा प्रोग्रॅम बंद करून टाकतो. कल्पना चांगली, पण सुरुवातीला तो भलताच उतावळा होता: वीस टॅब उघडे असलेला ब्राउझर एकदम गायब, ना इशारा ना निरोप. लोकांना वाटायचं ब्राउझर क्रॅश झाला. ‘जर्नलसीटीएल -यू सिस्टमडी-ऊमडी’ देऊन बघा; तुमच्या ब्राउझरचं नाव तिथे सापडलं तर उपाय म्हणजे स्वॅपची (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची) जागा वाढवणं आणि टॅब कमी करणं. जमत असेल तर वाढीव रॅम घ्या. त्यासाठी केलेला खर्च वाया जात नाही.

संशयित क्रमांक एक: ग्राफिक्स

अपग्रेडनंतरच्या गोठण्यात सगळ्यात आधी मी ग्राफिक्सकडे बघतो. एनव्हिडिया असेल तर नक्कीच. कार्डाचा ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी वेगळा बांधला जातो. ते बांधकाम फसलं की मशीन कमी रिझोल्यूशनमध्ये, मोठ्या मोठ्या अक्षरांसह सुरू होतं किंवा काळ्या पडद्यावर थांबतं. उबंटूमध्ये ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’, मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा आणि ‘रेकमेंडेड’ लिहिलेला निवडा. कंपनीच्या साइटवरून उतरवलेली फाइल चालवून ड्रायव्हर बसवू नका, तो पुढच्या अपडेटला हमखास रुसतो. जुन्या कार्डांचं दुखणं वेगळं: ४०० आणि ५०० मालिकेतल्या फर्मी कार्डांना ३९० क्रमांकाचा ड्रायव्हर लागायचा, तो २४.०४ मध्ये मिळतच नाही. तिथे नूवो या मुक्त ड्रायव्हरवर समाधान मानावं लागतं.

सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर आणखी एक फसगत होते. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. त्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. बहुतेक जण निळं बघून दचकतात आणि ‘कंटिन्यू बूट’ दाबतात. ड्रायव्हर बसलेला असतो, पण त्याला आत प्रवेश नसतो.

पडदा काळाच असेल आणि आत जाताच येत नसेल, तर ग्रबच्या मेनूत नेहमीच्या ओळीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ जोडा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. मशीन मंद चालेल, पण आत जाऊन ड्रायव्हर दुरुस्त करता येईल. याच जागी इंटेलच्या ग्राफिक्ससाठी ‘आय९१५.एनेबल_पीएसआर=०’ लिहून बघण्यासारखं आहे, विशेषतः पडदा दोन-चार सेकंद थिजतो, लुकलुकतो आणि मग पूर्ववत होतो अशी तक्रार असेल तेव्हा. वीज वाचवण्यासाठी पडदा स्वतःच स्वतःला ताजा ठेवतो, ती सोय यानं बंद होते. २०१३-१४ च्या सुमाराला बाजारात आलेल्या बे ट्रेल पिढीच्या स्वस्त सेलेरॉन-पेंटियम लॅपटॉपना (एन२८४०, एन३५४० वगैरे) एक कुप्रसिद्ध आजार होता: निवांत असताना ते अचानक पूर्ण गोठायचे. त्यावरचा तोडगा ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’. बॅटरी थोडी जास्त जाते, इतकंच.

उबंटूच्या लॉगिन पडद्यावर, आपल्या नावावर क्लिक केल्यावर खालच्या कोपऱ्यात एक दातेरी चाक दिसतं. तिथून ‘उबंटू ऑन एक्सऑर्ग’ निवडता येतं. वेलँड ही पडदा रंगवायची नवी पद्धत, एक्सऑर्ग जुनी. एकीवर अडकतंय आणि दुसरीवर नाही, हे कळलं तरी पुरे. २५.१० पासून उबंटूनं ही जुनी निवड काढून टाकली आहे, तेव्हा एक्सऑर्गवर अवलंबून असाल तर २४.०४ सोडायची घाई करू नका. व्हिडिओ कॉलमध्येच अडकत असेल तर याही आधी ब्राउझरच्या सेटिंगमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून बघा.

डेस्कटॉपची जुनी ओझी

उबंटूचा डेस्कटॉप म्हणजे ग्नोम. २२.०४ मध्ये ग्नोम ४२ होतं, २४.०४ मध्ये ४६. मध्ये सप्टेंबर २०२३ ला आलेल्या ४५ नं एक्स्टेन्शन लिहायची पद्धतच बदलली, त्यामुळे त्याआधीचं एकही एक्स्टेन्शन दुरुस्त केल्याशिवाय चालत नाही. अपग्रेडआधीच ती सगळी बंद करून ठेवणं शहाणपणाचं. राहून गेलं असेल तर आता बंद करा आणि एकेक करून, त्याची नवी आवृत्ती आल्याची खात्री करून चालू करा.

दोष तुमच्या सेटिंगांत आहे की संपूर्ण मशीनमध्ये, हे ठरवायला नवं यूझर खातं उघडणं पुरतं. त्या कोऱ्या खात्यात मशीन सरळ चालत असेल तर तुमच्या होम फोल्डरमधलं काहीतरी जुनं आडवं येतंय. मशीन पुसायचं कारण नाही.

अपग्रेड मध्येच तुटलं असेल तर मात्र लक्षणं विचित्र येतात: वायफाय नाही, आवाज नाही, सेटिंगची खिडकी उघडतच नाही. आधी ‘डीएफ -एच’ देऊन डिस्कवर जागा आहे का बघा. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर ‘/बूट’ चा छोटा वेगळा कप्पा असतो आणि तो जुन्या कर्नलांनी भरून जातो. मग ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि त्यानंतर ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. वायफायच गेलं असेल तर फोन यूएसबीनं जोडून त्याचं इंटरनेट द्या, सहसा ते लगेच चालतं. अपग्रेडच्या वेळी बाहेरचे पीपीए, म्हणजे इतरांनी ठेवलेले सॉफ्टवेअरचे साठे, आपोआप बंद केले जातात. त्यांतून आलेली सॉफ्टवेअरं जुनीच राहतात आणि भांडणं लावतात, तीही तपासा.

इथल्या घरांतल्या काही खास अडचणी

अपग्रेडनंतर पासवर्ड चुकीचा म्हणतंय, आणि तुम्ही तर बरोबर देताय? कीबोर्डची मांडणी बघा. पुण्याहून आणलेल्या लॅपटॉपवर शिफ्ट-२ म्हणजे ॲट द रेट, इथे विकत घेतलेल्यावर शिफ्ट-२ म्हणजे दुहेरी अवतरणचिन्ह. हॅशचं बटण इथे एंटरच्या शेजारी स्वतंत्र असतं आणि शिफ्ट-३ वर पौंड येतो. अपग्रेडमध्ये मांडणी अमेरिकन झाली किंवा उलट झालं, तर पासवर्डात यांतलं एक चिन्ह असलं तरी दार बंद. लॉगिनच्या पडद्यावर डोळ्याच्या खुणेवर क्लिक करून काय उमटतंय ते बघा. डिस्क उघडायचा पासवर्ड मागणाऱ्या पडद्यावर ती सोय नसते, तिथे चिन्हाच्या दोन्ही जागा वापरून बघाव्या लागतात.

दुसरी घड्याळाची. विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक. भारतात दोन्ही सिस्टम एकाच लॅपटॉपवर असल्या की साडेपाच तासांचा घोळ पहिल्याच दिवशी दिसतो. ब्रिटनमध्ये हिवाळाभर स्थानिक आणि जागतिक वेळ एकच, त्यामुळे डिसेंबरात केलेलं अपग्रेड निर्दोष वाटतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासानं पुढे गेली की विंडोजमधून लिनक्समध्ये येता-जाता तासाची चूक दिसू लागते, आणि तोवर कारण विसरलेलं असतं. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ दिलं की लिनक्स विंडोजच्या रीतीनं चालतं.

दोन्ही सिस्टम ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात असू द्यावं की बिघाड दर वेळी लिनक्सच्या अपग्रेडनं होत नाही. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर अनेक दुहेरी मशीनांवर लिनक्स सुरूच होईना, ‘एसबॅट’ बद्दलची एक ओळ दाखवून ती बंद पडत.

विद्यापीठांत चालणारं एडुरोम वायफाय २२.०४ नंतर काही ठिकाणी जोडलं जाईना, कारण त्यात आलेलं ओपनएसएसएल ३ जुन्या, कमकुवत जोडणीला नकार देतं. जुनी जोडणी पुसा आणि एडुरोमच्या ‘कॅट’ साधनातून आपल्या विद्यापीठाची फाइल घेऊन नव्यानं बसवा. हातानं सेटिंग भरत बसू नका.

मराठी टायपिंग गायब झालं असेल तर ‘आयबस-एम१७एन’ पॅकेज पुन्हा बसवून लॉगआउट-लॉगिन करा, मग कीबोर्डच्या यादीत मराठी पुन्हा निवडा. आणि मराठी ‘ल’ आणि ‘श’ अचानक हिंदी वळणाचे दिसू लागले तर फॉन्टचा अग्रक्रम बदललाय. ‘फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी’ बसवा. रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयानं बरीच वर्षं सांभाळलेल्या लोहित कुटुंबातलाच हा फॉन्ट.

कुणाला विचारायचं, आणि काय घेऊन

नॉटिंगहॅममध्ये अल्फ्रेड स्ट्रीट साऊथवरच्या रोडन हाऊसमध्ये नॉटिंगहॅम हॅकस्पेस आहे, सभासदांनी स्वतः चालवलेली कार्यशाळा. बुधवारी संध्याकाळी बाहेरच्यांनाही येऊ देण्याची तिथली जुनी पद्धत आहे. तो दुरुस्तीचा काउंटर नाही, फुकट कामगार समजून जाऊ नका. पण लिनक्सवर मनापासून बोलणारी माणसं अशा ठिकाणीच भेटतात. नॉटिंगहॅम फिक्सर्स या स्वयंसेवकांच्या गटाची दुरुस्ती-शिबिरंही शहरात भरतात. पंखा, धूळ, डिस्क असा मामला असेल तर ती जास्त उपयोगी. दोन्हीकडे जाण्याआधी वेळ विचारून घ्या. सोबत चार्जर, नवी आवृत्ती भरलेला पेनड्राइव्ह, आणि एका कागदावर लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल, ‘युनेम -आर’ नं दाखवलेला कर्नल, कधीपासून अडकतंय आणि नोंदीतली ती पुन्हा पुन्हा येणारी ओळ. ‘कधीकधी हँग होतो’ एवढंच सांगितलंत तर समोरचाही अंदाजच बांधणार.

तत्पूर्वी घरीच दोन तपासण्या उरका. रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवा. चुकांचा आकडा शून्य हवा, एक चूकही रॅम खराब ठरवायला पुरते. आणि ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममध्ये स्मार्टचा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा, अहवाल बघा. बॅकअपबद्दल एकच मेख सांगतो: मिंटचं अपग्रेड-साधन टाइमशिफ्टची प्रत घेतल्याशिवाय पुढे जात नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. टाइमशिफ्ट सिस्टमची प्रत घेतं. तुमचे फोटो, थीसिस, बँकेचे कागद त्यात मूळ सेटिंगमध्ये नसतात. ते वेगळ्या डिस्कवर हवेत.

दोष नव्या कर्नलचा आहे हे पक्कं झालं असेल तर ‘उबंटू-बग लिनक्स’ देऊन तक्रार नोंदवा. मशीनची माहिती ते साधन स्वतःच जोडतं. तोवर जुन्या कर्नलवर काम चालू ठेवायला हरकत नाही. ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ मात्र करू नका, नाहीतर जो नीट चालतो तोच कर्नल निघून जाऊ शकतो. जुन्या कर्नलला सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून तिथेच मुक्काम ठोकू नये. दर काही आठवड्यांनी नवा कर्नल येतो. तो आला की एक दिवस त्यावर काढा, अडकला तर पुन्हा मागे या आणि तक्रारीखाली तो क्रमांक जोडा. आणि गेल्या वेळी उबंटूनं स्वतःच काय केलं तेही बघून ठेवा: २२.०४ वरून २४.०४ वर जायचं आमंत्रण २४.०४.१ सोबत ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस निघालं, आणि अपग्रेडमध्येच दोष सापडल्यानं काही दिवसांत ते थांबवावं लागलं. आवृत्ती आली त्याच आठवड्यात अपग्रेड करायचा आग्रह, निदान परीक्षा किंवा थीसिसच्या दिवसांत, धरू नका. २२.०४ ला २०२७ पर्यंत नेहमीचे अपडेट मिळणार आहेत.